यंत्र, पाणी आणि माणूस : डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रातील एक उपेक्षित बाजू

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र आपल्या समाजात ठाऊक नाही असे घर सापडणे कठीण. महाडचे तळे, नाशिकचे काळाराम मंदिर, पुणे करार, राज्यघटना आणि नागपूरची दीक्षाभूमी ही त्या चरित्राची शिखरे आहेत आणि ती प्रत्येक जयंतीला नव्याने सांगितली जातात. परंतु वीज, धरणे, खाणी, कारखाने आणि तांत्रिक शिक्षण यांविषयी बाबासाहेबांनी केलेला विचार आणि कार्य त्या मानाने फार थोड्यांना माहीत आहे. विज्ञान आणि तंत्रज्ञान यांमुळे समाज बदलतो असे आपण सहज म्हणतो. तो कोणासाठी बदलतो, किती बदलतो आणि कोठे अडून बसतो, या प्रश्नांशी बाबासाहेब आयुष्यभर झुंजले. आमच्या निवासी शाळेतून शिकून गेलेले विद्यार्थी आज कारखान्यांत, रुग्णालयांत, रेल्वेत आणि संगणकांसमोर काम करीत आहेत. म्हणून या स्मरणिकेत त्या बाजूने बाबासाहेबांचे चरित्र सांगावे असे आम्हांस वाटले.

भीमरावांचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील सुभेदार रामजी सैन्यातील शिक्षक होते. घरात वाचन होते, शिस्त होती. पुढे कुटुंब साताऱ्यास आले आणि आई भीमाबाई निवर्तल्या. साताऱ्याच्या शाळेत भीमरावांना स्वतःच्या हाताने नळ उघडता येत नसे. शिपायाने नळ सोडला तर पाणी, शिपाई नसेल तर तहान. नळ ही त्या काळची आधुनिक सोय होती. विहिरीवरील पोहऱ्याप्रमाणे तो विटाळतो असे कोणत्याही धर्मग्रंथात लिहिलेले नव्हते, तरी नवी वस्तू येताच जुना नियम तिच्यावर जाऊन बसला.

साधारण 1901 सालची दुसरी घटना याहून बोलकी आहे. रामजी तेव्हा गोरेगाव येथे खजिनदाराच्या नोकरीवर होते. उन्हाळ्याच्या सुटीत मुले वडिलांना भेटण्यास आगगाडीने निघाली. नवे कपडे, हातात तिकीट, मनात आनंद. आगगाडीने त्यांना कोणताही प्रश्न न विचारता मसूर स्थानकापर्यंत आणून सोडले. वडिलांना पत्र मिळाले नव्हते, त्यामुळे न्यायला कोणी आले नाही. स्टेशन मास्तरांनी आपुलकीने चौकशी केली. मुलांनी जात सांगितली आणि त्यांचा चेहरा पालटला. बैलगाडीवाले भाडे घेऊन बसवण्यास तयार होईनात. अखेर दुप्पट भाडे द्यायचे आणि गाडीही मुलांनीच हाकायची, या अटीवर एकाची गाडी मिळाली. शिदोरी बरोबर होती, पण वाटेत कोणी पाणी दिले नाही. रात्र त्यांनी उपाशी आणि तहानलेली काढली.

आमचे चिंचपाडा हेही सुरत–भुसावळ लोहमार्गावरील एक स्थानक आहे. गाडीच्या डब्यात सगळे खांद्याला खांदा लावून बसतात, हे आमची मुले रोज पाहतात. मसूरच्या फलाटावरील तो प्रसंग आम्ही वर्गात सांगतो तेव्हा त्यातील इतिहास त्यांना लगेच उमगतो. वाफेच्या इंजिनाने अंतर कमी केले. माणसामाणसांतील अंतर कमी करणे त्याच्या शक्तीबाहेरचे होते. नऊ-दहा वर्षांच्या भीमरावांना हा धडा तहानेने शिकवला.

मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून 1907 मध्ये मॅट्रिक आणि 1912 मध्ये बी. ए. झाल्यावर बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर 1913 मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे अर्थशास्त्रज्ञ सेलिग्मन आणि तत्त्वज्ञ जॉन ड्युई यांच्यासारखे गुरू लाभले. विज्ञानाची खरी देणगी ही विचार करण्याची रीत आहे, तपासून पाहिल्याशिवाय काही मानू नये आणि हीच रीत समाजजीवनालाही लावावी, ही ड्युईंची शिकवण त्यांच्या मनात कायमची रुजली. 1917 मध्ये ते परतले, तेव्हा पहिले महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान आणि ग्रंथ घेऊन येणारे जहाज पाणतीराने बुडाले. ज्या विज्ञानाने जग जोडले त्याचेच हे दुसरे रूप. पुढे बडोद्यात एवढ्या मोठ्या विद्वानाला राहायला खोली मिळाली नाही. पारशी पांथशाळेतूनही त्यांना बाहेर काढण्यात आले.

1918 मध्ये त्यांनी भारतातील लहान शेतजमिनी आणि त्यांवरील उपाय या विषयावर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. तुकड्या-तुकड्यांची जमीन एकत्र जोडली की शेती सुधारेल, असे तेव्हाचे अनेक अर्थतज्ज्ञ सांगत होते. बाबासाहेबांनी निदानच बदलले. जमिनीवर गरजेपेक्षा जास्त माणसे अवलंबून आहेत आणि त्यांना दुसरे काम नाही, हे दुखण्याचे मूळ. म्हणून उद्योगधंदे वाढवा. जमिनीवरचा भार हलका होईल, शेतीत भांडवल येईल आणि शेतीही सुधारेल. दिवाळीनंतर कोयते आणि भांडीकुंडी घेऊन ऊसतोडणीसाठी गुजरातच्या वाटेला लागणारी आमच्या जिल्ह्यातील कुटुंबे पाहिली की शंभर वर्षांपूर्वीचा हा निबंध जुना झालेला नाही, असे वाटते. त्या कुटुंबांची मुले शाळेत टिकावीत म्हणूनच निवासी शाळांची गरज पडते.

31 जानेवारी 1920 रोजी ‘मूकनायक’ निघाले आणि छापखाना हे बाबासाहेबांचे शस्त्र झाले. पुन्हा लंडनला जाऊन त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ लिहिला, डी. एस्सी. आणि बॅरिस्टर या पदव्या मिळवल्या. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीत घेतले. कायद्याने तळे आधीच खुले झाले होते. 1923 मध्ये मुंबई कायदेमंडळाने बोले ठराव संमत केला होता आणि महाड नगरपालिकेनेही तो स्वीकारला होता. कागदावरच्या हक्काला पाण्यापर्यंत नेण्यासाठी हजारो माणसांना चालत जावे लागले, आणि न्यायालयातील लढा 1937 पर्यंत चालला.

याच सुमारास मुंबईच्या गिरणीतील एक गोष्ट त्यांनी चव्हाट्यावर आणली. कापडगिरणीत सर्वांत चांगली मजुरी साचेखात्यात, म्हणजे विणकाम विभागात मिळे. त्या खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. कारण असे की धोट्यातील कांडी संपली की नवा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धागा इतरांना चालत नसे. विलायतेहून आलेले साचे, वाफेवर चालणारी गिरणी, मजुरांची संघटना, लाल बावटा – सारे काही आधुनिक, पण धाग्याच्या टोकाला विटाळ तसाच चिकटलेला. 1928 च्या मोठ्या संपात कामगारांच्या मागण्यांची यादी निघाली तेव्हा हा अन्याय दूर करण्याचा आग्रह बाबासाहेबांनी धरला. कामगारांच्या एकजुटीची भाषा बोलणाऱ्यांनी आधी आपल्या खात्याचे दार उघडावे, अशी त्यांची भूमिका होती.

पुढे 1936 मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. फेब्रुवारी 1938 मध्ये आपल्या खानदेशाच्या वेशीवर, मनमाड येथे, जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. रेल्वेत आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच म्हातारा होतो, हे त्यांनी तेथे मांडले. त्याला हमालाची जागाही मिळत नाही, कारण स्टेशन मास्तर हमालाकडून घरकामही करून घेतात आणि घरात अस्पृश्य चालत नाही. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू होत, हा सिद्धान्त त्यांनी मनमाडला सांगितला. ब्राह्मणशाही म्हणजे एखादी जात नव्हे, तर स्वातंत्र्य, समता व बंधुता नाकारणारी वृत्ती, असा खुलासाही केला. मसूरच्या फलाटावर जे भोगले त्याचे शास्त्र सदतीस वर्षांनी मनमाडच्या व्यासपीठावर उभे राहिले, असे आम्ही मानतो. त्याच्या आदल्या वर्षी, 1937 मध्ये, बाबासाहेब न्यायालयीन कामासाठी धुळ्यास येऊन गेले होते. तेव्हा आपला नंदुरबार परिसर पश्चिम खानदेश जिल्ह्यात, म्हणजे धुळ्याच्याच कक्षेत होता. लळिंगजवळील लांडोर बंगल्यावर दरवर्षी 31 जुलैला त्या आठवणीने आपली माणसे जमतात.

जुलै 1942 मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. नाव मजूर खाते असले तरी पाटबंधारे, वीज, खाणी आणि सार्वजनिक बांधकाम हे विषयही त्याच खात्याकडे होते. पुढील चार वर्षांतील त्यांचे काम सामान्य वाचकाच्या नजरेतून निसटले आहे. डिसेंबर 1943 मध्ये ते धनबाद परिसरातील कोळसा खाणी पाहण्यास गेले आणि स्वतः खाणीत उतरले. देशातील आगगाड्या ज्या कोळशावर धावतात तो खणणारा माणूस कसा जगतो, हे त्यांना डोळ्यांनी पाहायचे होते. 1944 मध्ये खाणकामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला. 1946 मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आला.

1943 मध्ये दामोदर नदीला महापूर आला. रस्ते आणि लोहमार्ग तुटून कलकत्त्याचा उर्वरित देशाशी संबंध खंडित झाला. बंगाल सरकारने नेमलेल्या चौकशी समितीत शास्त्रज्ञ मेघनाद साहा होते. अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याच्या धर्तीवर संपूर्ण खोऱ्याची एकत्र योजना करावी, असा विचार पुढे आला आणि टेनेसीचे अनुभवी अभियंता व्हूर्डुइन यांनी प्राथमिक आराखडा दिला. या प्रकल्पाची धोरणात्मक बाजू बाबासाहेबांच्या खात्याकडे होती. बंगाल आणि बिहार या दोन प्रांतांना एका टेबलाशी बसवणे, पूरनियंत्रणाबरोबर सिंचन, वीज आणि जलवाहतूक असा बहुउद्देशीय हेतू निश्चित करणे, हे काम 1945 मधील परिषदांत त्यांच्या अध्यक्षतेखाली झाले. 1948 मध्ये दामोदर खोरे महामंडळ स्थापन झाले. 1953 मध्ये तेथील तिलैया धरण पूर्ण झाले.

8 नोव्हेंबर 1945 रोजी कटक येथे ओरिसाच्या नद्यांविषयी परिषद भरली. तोवर पूर म्हणजे नको असलेले पाणी आणि उपाय म्हणजे बांध घालून ते लवकर समुद्रात लोटणे, अशी सरकारी समजूत होती. बाबासाहेबांनी ती उलटवली. पाणी ही संपत्ती आहे; माणसाला पाण्याच्या विपुलतेपेक्षा त्याच्या अभावाचा त्रास अधिक होतो; म्हणून ते साठवावे, शेतीला द्यावे, त्यापासून वीज करावी, असा त्यांचा युक्तिवाद होता. शाळेत शिपायाच्या मर्जीने पाणी प्यालेल्या आणि महाडला पाण्यासाठी लढलेल्या पुरुषाने हे सांगावे, यात आम्हांस मोठी संगती दिसते. महानदीवरील हिराकूड प्रकल्पाचा मार्ग तेथून मोकळा झाला.

इतिहासाचे शिक्षक म्हणून येथे एक गोष्ट नोंदवणे आमचे कर्तव्य आहे. भारतातील सारी धरणे बाबासाहेबांनी बांधली असे व्यासपीठावरून कधी कधी सांगितले जाते. त्यांच्या थोरवीला अशा अतिशयोक्तीची गरज नाही. साहा, खोसला, व्हूर्डुइन आणि असंख्य अभियंते-मजूर यांचा त्यात वाटा आहे. बाबासाहेबांचे कार्य धोरणाचे आणि संस्था उभारण्याचे होते. 1944 मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ आणि 1945 मध्ये केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व जलवाहतूक आयोग त्यांच्या खात्याखाली अस्तित्वात आले. त्या आयोगाच्या अध्यक्षपदी अ. ना. खोसला हे भारतीय अभियंते आले. आजचा केंद्रीय जल आयोग आणि केंद्रीय वीज प्राधिकरण यांची मुळे तेथे आहेत. पुढे घटनेत आंतरराज्यीय नद्यांचे नियमन केंद्राच्या सूचीत आले आणि पाणीतंट्यांसाठी अनुच्छेद 262 आला.

वीज कशासाठी, याचेही उत्तर त्यांच्याकडे स्वच्छ होते. स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय उद्योग नाहीत, उद्योगांशिवाय दारिद्र्याच्या चक्रातून सुटका नाही, अशी ती साखळी होती. 1945 मध्ये काँग्रेस आणि गांधीजींच्या अस्पृश्यताविषयक कार्याची चिकित्सा करणारा ग्रंथ त्यांनी लिहिला. त्यात यंत्रविरोधी विचाराला दिलेले उत्तर आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याने समजून घ्यावे असे आहे. जनावराला जगण्यापुरते मिळाले की पुरते, माणसाला मनाची मशागतही हवी. त्यासाठी फुरसत हवी आणि फुरसत यंत्राने मिळते. यंत्रयुगात दुःख वाढले असेल तर दोष यंत्राचा नाही. यंत्राचा लाभ मूठभरांच्या खिशात घालणाऱ्या समाजरचनेचा तो दोष आहे. ती रचना बदला, यंत्र मोडू नका. जात्यावर, मोटेवर आणि डोक्यावरच्या पाटीत ज्यांच्या पिढ्या खपल्या, त्यांच्या प्रतिनिधीला खेड्यातील जुन्या श्रमाचे कौतुक वाटणे शक्यच नव्हते. 1947 मध्ये लिहिलेल्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात त्यांनी महत्त्वाचे उद्योग आणि शेती राज्याच्या मालकीची असावी, अशी मागणी केली, ती याच विचारातून.

या विचाराला शिक्षणाची जोड होती. ऑक्टोबर 1942 मध्ये व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी विज्ञान आणि तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या, परदेशी शिक्षणाची सोय मागितली. केवळ कला आणि कायदा शिकून समाज पुढे जाणार नाही, उच्च विज्ञानशिक्षणाशिवाय गत्यंतर नाही आणि ते गरिबाला सरकारी मदतीविना परवडणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. त्या प्रयत्नांतून आपल्या समाजातील तरुण परदेशी तंत्रशिक्षणास गेले. 1945 मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि 1950 मध्ये औरंगाबादेत पुढे मिलिंद या नावाने गाजलेले महाविद्यालय सुरू झाले. सिद्धार्थमध्ये आरंभापासून कलेबरोबर विज्ञानही होते.

आता आमच्या जिल्ह्याला टाळता न येणारा प्रश्न. हिराकूड 1957 मध्ये पूर्ण झाले तेव्हा शेकडो गावे पाण्याखाली गेली होती आणि लाखाच्या घरात माणसे विस्थापित झाली होती. तापीवर उकाईचे धरण 1972 मध्ये झाले; त्याच्या जलाशयाचे पाणी आपल्या नंदुरबार जिल्ह्यातही पसरले आहे. नर्मदेवरील सरदार सरोवरात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील 33 गावे सापडली. आमच्या वसतिगृहात आदिवासी आणि बौद्ध मुले एका पंगतीत जेवतात. त्यांपैकी एखाद्याने विचारले की बाबासाहेबांना हवे होते तेच धरण आमच्या आजोबांचे शेत का घेऊन गेले, तर आम्ही काय सांगावे?

आम्ही त्याला सांगतो की बाबासाहेबांनी दिलेली मोजपट्टीच या धरणांना लाव. यंत्राचा लाभ कोणाला आणि भार कोणावर, हा त्यांचा प्रश्न होता. ज्याची जमीन पाण्याखाली गेली त्याच्या पाड्यावर शेवटी वीज पोहोचावी, ज्याच्या दारातून कालवा जातो त्याच्या शेताला ओल नसावी, ही त्याच समाजरचनेची खूण आहे जिच्याविरुद्ध ते लढले. राज्ये एकमेकांशी पाण्यासाठी भांडतात तेव्हा त्यांच्यासाठी घटनेत तरतूद आहे. 1979 च्या नर्मदा लवादाच्या निवाड्यात विस्थापित खातेदाराला किमान 2 हेक्टर जमीन देण्याचे तत्त्वही आले. ते तत्त्व शेतापर्यंत नेण्यासाठी आदिवासी बांधवांना वर्षानुवर्षे नदीकाठी बसावे लागले. बोले ठरावापासून चवदार तळ्यापर्यंतचे अंतर असेच होते. धरणाच्या नियोजकांत त्या पाड्यावरची एखादी अभियंता मुलगी असती तर नकाशावरची बुडीतरेषा काढताना तिचा हात थबकला असता, एवढे तरी आम्हांस निश्चित वाटते.

29 सप्टेंबर 2010 रोजी देशातील पहिले आधार क्रमांक आमच्याच जिल्ह्यातील टेंभली गावात देण्यात आले. बोटाच्या ठशावरून माणूस ओळखणारे यंत्र सर्वांत आधी आमच्याकडे आले, याचा आम्हांस आनंदच आहे. पण ओळख पटल्यानंतर त्या माणसाला धान्य, दवाखाना आणि शाळा मिळाली काय, हे पाहण्याचे काम यंत्र करीत नाही. आपला देश अवकाशयाने धाडतो आणि शहरांतील गटारांत अजूनही माणसे उतरून गुदमरतात. ती बंद करणारा कायदा 2013 मध्ये झाला, उपकरणेही उपलब्ध आहेत. उतरणारा माणूस कोणत्या जातीचा असतो हे आपण सारे जाणतो. साचेखात्यातला धागा अजून तुटलेला नाही.

म्हणूनच बाबासाहेब अखेरीस धम्माकडे आले, असे आम्ही मानतो. 1950 मध्ये लिहिलेल्या एका लेखात त्यांनी धर्माची कसोटी सांगितली: तो विज्ञानाशी सुसंगत असावा, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता त्याने मान्य करावी, दारिद्र्याला त्याने पवित्र ठरवू नये. या कसोटीला त्यांना बुद्धाचा धम्म उतरलेला दिसला. तथागतांनी स्वतःचे वचनही पारखून घेण्यास सांगितले आणि त्याच वेळी करुणा व मैत्री शिकवली. प्रज्ञेशिवाय करुणा आंधळी आणि करुणेशिवाय प्रज्ञा घातक. दोन महायुद्धे पाहिलेल्या बाबासाहेबांना याचा पुरावा शोधावा लागला नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे त्यांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा दिली-घेतली. 6 डिसेंबर 1956 रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले. पार्थिव विमानाने मुंबईस आणण्यात आले आणि 7 डिसेंबरला दादरच्या समुद्रकिनारी अथांग जनसागराने त्यांना निरोप दिला. गाडीवानाने ज्यांना आपल्या गाडीत बसू दिले नाही, त्यांची अंत्ययात्रा पाहण्यासाठी मुंबई थांबली होती.

माजी विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी कोणी वीज मंडळात आहे, कोणी पाटबंधारे खात्यात, कोणी परिचारिका, कोणी संगणक अभियंता. तुमच्या हाती आलेले यंत्र प्रथम कोणाच्या उपयोगी पडते आणि कोणाला वगळते, हे पाहत जा. वगळलेला माणूस दिसला तर कार्यालयात, बैठकीत, कागदावर ते बोला. पालकांना आमची विनंती आहे की मुलीला विज्ञान शाखेस घालताना मागेपुढे पाहू नये. खर्चाची अडचण असेल तर शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देण्यास आम्ही शिक्षक बसलेलो आहोत. आमच्या शाळेच्या आवारात नळ आहे. तो कोणीही, केव्हाही, स्वतःच्या हाताने उघडतो. ही साधी गोष्ट घडण्यासाठी एका माणसाला आयुष्य वेचावे लागले, हे आमच्या मुलांना ठाऊक असावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

जयभीम! नमो बुद्धाय!